अन्याय सोसणारा न्यायी ठरतो काय?

स्वित्झर्लंडात जन्मलेल्या ब्लेझ सांद्रार नावाच्या ग्रंथकाराने १९२५ साली फ्रेंच भाषेत एक लहानशी ऐतिहासिक कादंबरी प्रसिद्ध केली. तिचे नाव 'सोने'. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया प्रांतात १८४८ साली सोने सापडले. त्यामागे जी झुंबड उडाली तिच्यात सापडलेल्या वसाहतवाल्यांची, आणि विशेषेकरून योहान आउगुस्ट सुटर नामक एका गृहस्थाची ही कथा आहे. आमच्या गावोगावच्या मंडळ्यांतील बहुतेकांच्या हाती हे पुस्तक येण्याचा संभव थोडा. तथापि त्यातून जो नैतिक प्रश्न निघतो तो आपणा सर्वांच्या दाराशी उभा आहे. म्हणून त्याचा येथे विचार करू.

प्रथम कथा सांगतो. सुटर हा १८०३ साली जर्मनीतील बाडेन प्रांतात जन्मलेला व पुढे स्वित्झर्लंडात दिवाळे निघालेला व्यापारी. सावकारांचा तगादा असह्य झाला तेव्हा १८३४ साली तो बायको व पाच मुले मागे टाकून अमेरिकेस पळाला. पुष्कळ भटकून १८३९ साली तो कॅलिफोर्नियात पोहोचला. तो मुलूख त्या वेळी मेक्सिको देशाच्या अमलाखाली होता. तेथील गव्हर्नर आल्व्हाराडो ह्याने १८४१ साली सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यातील ४८,००० एकरांहून अधिक जमीन त्याला इनाम दिली. सुटरने तिचे नाव 'न्यू हेल्वेशिया', म्हणजे नवे स्वित्झर्लंड, असे ठेवले. त्याने कच्च्या विटांचा कोट बांधला, गहू पेरला, गुरांचे कळप वाढवले, आणि थोड्याच वर्षांत तो त्या खोऱ्याचा लहानसा राजा होऊन बसला.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सुटरसाठी लाकूड कापण्याची पाणगिरणी उभारली जात असता जेम्स मार्शल नावाच्या सुताराला पाण्याच्या पाटात सोन्याचे कण चमकताना दिसले. नऊच दिवसांनी, २ फेब्रुवारीस, मेक्सिकोने तह करून तो सारा मुलूख अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांस दिला; तहावर सह्या करणाऱ्यांस ह्या सोन्याची वार्ताही नव्हती. वार्ता फुटताच सुटरचे कामकरी काम टाकून डोंगरात धावले. गहू शेतात उभा राहिला, हौदात भिजत घातलेली कातडी कुजून गेली. १८४८ च्या आरंभी हजारभर वस्तीचे असलेले सॅन फ्रान्सिस्को दोन वर्षांत सुमारे २५,००० वस्तीचे शहर झाले, आणि काही वर्षांत तीन लाखांच्या आसपास माणसे त्या प्रांतात लोटली. त्यांनी सुटरची गुरे मारून खाल्ली, त्याच्या जमिनीवर राहुट्या ठोकल्या, आणि ज्याने बळकावली त्याची जमीन असा न्याय चालवला. १८६५ साली त्याचे राहते घर आग लावून जाळण्यात आले. तो नुकसानभरपाई मागत वॉशिंग्टनच्या खेपा घालीत राहिला, आणि १८ जून १८८० रोजी त्याच शहरी मरण पावला.

ग्रंथकाराने ह्या कथेवर आपल्या कल्पनेचा गडद रंग दिला आहे. कादंबरीत त्याची पत्नी मोठा प्रवास करून त्याच्या दाराशी येते आणि तेथेच प्राण सोडते. इतिहासात ती १८५० साली आली, तीस वर्षे त्याच्याबरोबर राहिली, आणि त्याच्यामागे काही महिने जगली. कादंबरीत न्यायाधीश सर्व मुलूख त्याचाच ठरवतो आणि त्या रागाने जमाव त्याचे सर्वस्व जाळतो. इतिहासात १८५८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे एक इनाम कायम केले व दुसरे रद्द केले. कादंबरीत तो संसदगृहाच्या पायऱ्यांवर कोसळून मरतो. इतिहासात संसदेने त्याच्या अर्जाचा निकाल न करता अधिवेशन संपवल्यावर दोन दिवसांनी तो हॉटेलच्या खोलीत मेला. कादंबरीकाराला असे फेरफार करण्याचा अधिकार आहे. त्याबद्दल आम्ही त्याला दोष देत नाही. परंतु ह्या सर्व फेरफारांचा रोख एकाच दिशेला आहे, हे ध्यानात घ्यावे. सुटर हा जणू दुसरा ईयोब दिसावा, आणि पुस्तक मिटताना वाचकाच्या तोंडून "बिचारा!" असा उद्गार निघावा.

तो उद्गार निघतोच. आणि नेमक्या त्याच ठिकाणी ख्रिस्ती वाचकाने थांबून एक प्रश्न करावा. ज्याची भूमी सुटरकडून हिरावली गेली म्हणून आपण हळहळतो, त्या भूमीवर सुटरच्या आधी कोण राहत होते?

ते खोरे ओसाड नव्हते. निसेनान व मिवोक ह्या लोकांची तेथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होती. नदीतील मासा, ओकच्या झाडाचे फळ व रानातील शिकार ह्यांवर त्यांचा निर्वाह चाले. मेक्सिकोच्या गव्हर्नराने जी जमीन कागदावर इनाम दिली ती ह्या लोकांच्या पायांखालची होती. त्यांना कोणी विचारले नाही. पुढे सुटरच्या शेतावर गहू कापण्यास, विटा पाडण्यास, गुरे राखण्यास हेच लोक लागले. काही आपखुशीने आले. पुष्कळांस बंदुकीच्या धाकाने आणले गेले. लीनहार्ड नावाचा एक स्विस तरुण सुटरच्या चाकरीत होता. त्याने लिहून ठेवले आहे की, रात्री ह्या स्त्रीपुरुषांना एका खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावण्यात येई व आत अंथरूणही नसे. तेथे आलेल्या जेम्स क्लायमन ह्या प्रवाशाने ते लोक लाकडी डोणीत ओतलेले अन्न गुरांप्रमाणे हातांनी ओरपून खाताना पाहिले. मजुरी म्हणून त्यांना टिनाच्या चकत्या मिळत, आणि त्या चकत्या केवळ सुटरच्याच दुकानात चालत. आईबापांपासून तुटलेली त्यांची लेकरे सुटरने आपल्या स्नेह्यांना व ज्यांचे देणे होते अशांना भेटीदाखल दिली, ह्याचीही नोंद आहे.

ह्याच सुटरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणच अन्याय करू. पूर्वेकडून डोंगर ओलांडून येणाऱ्या थकल्याभागल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना तो मोकळ्या हाताने अन्न व आसरा देई. १८४६ च्या हिवाळ्यात डॉनर नावाच्या कुटुंबाचा तांडा सिएरा नेव्हाडा डोंगरातील बर्फात अडकणार असे दिसताच त्याने खेचरांवर धान्य लादून पाठवले. त्यांच्याबरोबर लुईस व साल्व्हादोर नावाचे दोन मिवोक गडी वाटाडे म्हणून गेले. हे दोघे मिशनमध्ये बाप्तिस्मा पावलेले होते. पुढे भुकेने भान हरपलेल्या त्याच तांड्यातील एकाने ह्या दोघांना गोळी घातली, आणि त्यांच्या मांसावर इतरांनी आपले प्राण जगवले. जे भाकर घेऊन आले त्यांनाच अन्न केले! त्यांच्यासाठी कोणत्या संसदेत अर्ज गेला? कोणत्या पायऱ्यांवर बसून कोणी तीस वर्षे न्याय मागितला?

येथे एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. सोने सापडल्यावर सुटरने घाईने कोलोमाच्या मूळ रहिवाशांशी जमिनीच्या भाडेपट्ट्याचा करार केला व तो मंजुरीसाठी अमेरिकन लष्करी गव्हर्नर मेसन ह्याच्याकडे पाठवला. मेसनने तो नाकारला. कारण त्या लोकांना जमीन भाड्याने देण्याचा हक्कच सरकार मानीत नाही, असे त्याचे उत्तर आले. म्हणजे जमीन त्या लोकांची आहे हे सुटरला ठाऊक होते! गहू पेरताना ते आठवले नाही. सोने दिसताच आठवले. आणि ते आठवले तेही त्यांच्या हितासाठी नव्हे, तर आपल्या हक्काला आधार हवा म्हणून. मग १८५० साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा केला की, मूळ रहिवाशाच्या साक्षीवरून कोणाही गोऱ्या मनुष्यास दोषी ठरवता येणार नाही. सुटरवर अन्याय झाला हे खरे. परंतु त्याला न्यायाचे दार तरी होते. तो वकील देऊ शकला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, काही वर्षे त्याला प्रांताकडून निर्वाहवेतनही मिळाले. ज्यांचा शब्दच कायद्याने पुसून टाकला होता, त्यांना ठोठावण्यास दारच नव्हते. १८४८ च्या सुमारास जे दीड लाख होते, ते रोगराई, उपासमार व उघड कत्तल ह्यांमुळे पंचवीस वर्षांत सुमारे तीस हजार उरले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या अन्यायामुळे न्यायी ठरतो काय? ह्या प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे आहेत, आणि दोन्ही आपल्या मंडळ्यांत ऐकू येतात.

पहिले चुकीचे उत्तर असे की, सुटरने पाप केले म्हणून देवाने त्याला दंड केला. जसे पेरले तसे उगवले. हे बोलणे सोपे आहे. ईयोबाचे मित्रही असेच बोलले, आणि परमेश्वराने त्यांचा निषेध केला. शिलोहाचा बुरूज ज्यांच्यावर पडला ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न आपल्या प्रभूने स्वतः केला व त्याचे उत्तर नकारार्थी दिले. सुटरची गुरे ज्यांनी चोरली ते काही देवाचे दूत नव्हते. ते चोरच होते. एका अन्यायाने दुसरा अन्याय फिटत नाही. सुटर पापी होता म्हणून त्याचे घर जाळणाऱ्याचा हात शुद्ध होत नाही. शिवाय त्या लुटीतून मूळ रहिवाशांना एक एकरही परत मिळाला नाही. उलट सुटरनंतर आलेले त्यांच्याशी अधिकच क्रूरपणे वागले. ह्याला देवाचा न्याय म्हणणे म्हणजे देवाच्या नावाने भलत्याच कागदावर सही करणे होय.

दुसरे चुकीचे उत्तर ह्याच्या उलट आहे, आणि ते अधिक गोड असल्यामुळे अधिक घातक आहे. ते असे की, ज्याने इतके सोसले त्याच्याकडे आता कोणी बोट दाखवू नये. त्याच्या दुःखाने त्याचा हिशेब चुकता झाला. सांद्रारच्या कादंबरीचे मन ह्या बाजूला झुकते. कादंबरीतील सुटर उतारवयात प्रकटीकरणाच्या पुस्तकात आपली कथा शोधतो आणि ख्रिस्तविरोधी म्हणजे सोनेच, असे मानतो. पाहा, किती सोयीचा हा अर्थ! सर्व दोष एका निर्जीव धातूच्या माथी गेला. परंतु सोने १८४८ साली सापडले. अन्नाची ती लाकडी डोण आणि रात्रीचे ते कुलूप त्याच्या आधीचे आहे. सोन्याने लोभ उत्पन्न केला नाही. जो लोभ गव्हाच्या शेतात शांतपणे चालला होता, त्याला सोन्याने चव्हाट्यावर आणले, इतकेच. पौलानेही तीमथ्याला लिहिताना दोष धनाला दिला नाही, धनाच्या प्रीतीला दिला.

कोणी म्हणेल, "तो काळच तसा होता, त्या वेळी सगळेच असे वागत. आजचा माप त्या काळाला कशाला लावता?" ह्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. मनुष्य आपल्या काळाच्या डोळ्यांनी पाहतो हे खरे. परंतु लीनहार्ड व क्लायमन हे त्याच काळाचे होते, आणि जे पाहिले ते त्यांना लिहून ठेवावेसे वाटले. ह्याहूनही मोठा साक्षीदार म्हणजे सुटर स्वतः. आपली जमीन दुसऱ्याने घेतली तेव्हा तो म्हणाला नाही की, काळच असा आहे. हा अन्याय आहे, असेच तो मरेपर्यंत म्हणत राहिला. तर मग, दुसऱ्याची भूमी व श्रम बळाने घेणे हे वाईट आहे, हा नियम त्याला ठाऊक होता. मनुष्य स्वतःच्या हानीबद्दल जी तक्रार करतो, ती तक्रारच त्याच्या विवेकबुद्धीची साक्ष होय. ज्या मापाने तो आपले दुःख मोजतो, त्याच मापाने त्याचे वर्तन मोजले तर तो कोणत्या तोंडाने नाही म्हणेल?

तर मग खरे उत्तर कोणते? आमच्या मते पवित्र शास्त्राने ते इस्राएलास फार पूर्वीच दिले आहे. इस्राएल लोकांनी मिसर देशात चारशे वर्षे गुलामगिरी सोसली. देवाने त्यांना सोडवल्यावर, तुम्ही फार सोसले, आता तुम्हांला सर्व माफ, असे सांगितले नाही. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात त्याने आज्ञा दिली की, परक्यावर जुलूम करू नका. कारण परक्याचे मन कसे असते हे तुम्ही जाणता, तुम्हीही परके होता. म्हणजे सोसलेला अन्याय हे निर्दोषतेचे प्रमाणपत्र नव्हे. ते कर्जाचे खत आहे. ज्याने सोसले त्याच्यावर इतरांहून अधिक जबाबदारी आहे, कारण त्याला ठाऊक आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील चाकराचा दाखला हेच शिकवतो. त्याचे मोठे देणे माफ झाले, आणि तो बाहेर पडताच सोबत्याची मानगूट धरू लागला. कर्जापायी देश सोडून पळालेला सुटर आपल्या कोटात दुसऱ्यांना टिनाच्या चकत्यांनी बांधून ठेवतो, तेव्हा तो दाखला डोळ्यांपुढे उभा राहतो.

प्रिय वाचकहो, ही गोष्ट दूरदेशाची म्हणून बाजूला सारू नका. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेर राहून काय सोसले हे नव्याने सांगणे नको. विहिरीवरचा मज्जाव, देवळाबाहेरची उभी राहण्याची जागा, वेठबिगार, ह्या आठवणी आपल्या घराघरांत आहेत. त्या विसराव्या असे आम्ही म्हणत नाही. न्याय मागणे हा हक्क आहे व कर्तव्यही आहे. परंतु त्या आठवणींचा उपयोग आपण कशाकडे करतो? आज आपल्यापैकी कोणी शिक्षक झाला, कोणी चार एकर बागायतीचा धनी झाला, कोणी मंडळीच्या पंचांत बसला. त्याच्या शेतावर सालगडी आहे काय? असल्यास त्याची मजुरी वेळेवर मिळते काय, की उचल फिटली नाही असे सांगून त्याला वर्षानुवर्षे बांधून ठेवले आहे? आपल्या गावाच्या शिवेवर ऊसतोडीची टोळी खोपटी घालून उतरते तेव्हा आपल्या नळाचे पाणी त्यांना मिळते काय? आपल्या मंडळीत मागाहून आलेल्या कुटुंबास आपण पंगतीत कोठे बसवतो? "आम्ही पुष्कळ सोसले आहे," हे वाक्य जेव्हा अशा प्रश्नांवर पांघरूण घालू लागते, तेव्हा ते सत्य असूनही खोटे होते. मजुराची दडपलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोब आपल्या पत्रात बजावतो. ती दडपणारा पूर्वी स्वतः मजूर होता काय, ह्याची सूट त्याने ठेवलेली नाही.

सुटरपुढे अखेरपर्यंत एक मार्ग मोकळा होता. त्याने आपली उतरती वर्षे पेन्सिल्व्हेनियातील लिटिट्झ ह्या गावी घालवली, आणि तेथील मोरेव्हियन मंडळीच्या दफनभूमीत त्याचे शरीर ठेवले आहे. त्याच मोरेव्हियन बंधूंच्या पहिल्या मिशनऱ्यांनी १७३२ साली वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांकडे जाण्यासाठी घर सोडले होते. अशा लोकांच्या शेजारात राहून त्याने आपल्या सरकारी अर्जाच्या जोडीला दुसरा एक अर्ज लिहिला असता, ज्यात त्याला काय मिळावे हे नसून त्याच्याकडून कोणाला काय देणे आहे हे असते, तर? जक्कयाने तेच केले. त्याने रोमी सरकारच्या अन्यायी करपद्धतीला दोष दिला नाही. आपण कोणाचे काय घेतले ते मोजले आणि चौपट परत करण्यास उभा राहिला. त्याच दिवशी त्याच्या घराला तारण प्राप्त झाले.

सुटरने जे केले नाही त्याची आठवण पुढील पिढ्यांना झाली. जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नराने मूळ रहिवाशांची प्रांताच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. आणि जून २०२० मध्ये सॅक्रामेंटो शहरातील एका रुग्णालयासमोर उभा असलेला सुटरचा पुतळा काढण्यात आला. पुतळा हलवल्याने मेलेले परत येत नाहीत, आणि क्षमेच्या शब्दांनी जमीन परत जात नाही. तरी ज्यांचा शब्द एके काळी न्यायालयात चालत नव्हता, त्यांचे म्हणणे उशिरा का होईना ऐकले गेले.

पण आपण दीडशे वर्षे थांबू नये. आपल्यावर झालेला अन्याय देवापुढे मांडताना त्याच गुडघ्यांवर असतानाच विचारावे: प्रभो, माझ्याविरुद्ध तुझ्यापुढे कोण रडत आहे? त्याचे नाव मनात येईल. मग प्रार्थना संपवून उठावे, आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या दाराशी जावे.